मुशीतली काच

मंडळी, हैदराबादच्या मराठी लोकांच्या आठवणी निघाल्या की विवेकवर्धिनी येते, सुलतान बाजार येतो, इसामिया बाजारातलं मराठी ग्रंथसंग्रहालय येतं. कारखान्यांवर मात्र कोणी लिहीत नाही. १९६० नंतर इथे एकामागून एक सरकारी कारखाने उभे राहिले. बीएचईएल, एचएमटी, आयडीपीएल, ईसीआयएल, मिधानी. आपल्या कितीतरी घरांतला एखादा काका, एखादा जावई भल्या पहाटे डबा घेऊन शिफ्टच्या बसला उभा असायचा. तो तिथे नक्की काय करतो, हे घरात कोणाला धड ठाऊक नसायचं. मी स्वतः एका खासगी पोलाद ओतशाळेच्या प्रयोगशाळेत होतो. आत्या विचारायची, "अरे, दिवसभर त्या दुर्बिणीत डोळे घालून बघतोस तरी काय?" मी म्हणायचो, "मळ." तिला वाटायचं, हा थट्टा करतोय.

थट्टा नव्हती. पोलादातल्या मळाचे कण किती, केवढे आणि कुठल्या आकाराचे, हे मोजण्यातच माझी नोकरी गेली. त्या कणांनाही इतिहास आहे, आणि त्या इतिहासाची पहिली पानं आपल्याच जुन्या निजामी मुलखात लिहिली गेली आहेत. म्हणून हा लेख. जरा लांब आहे, सवडीने वाचा.

निजामाबाद जिल्ह्यात कोनसमुद्रम नावाचं गाव आहे. नांदेड-देगलूरकडच्या मंडळींना हा भाग परका नाही. १९५६ पर्यंत सगळं एकाच राज्यात होतं. या गावात मुशीत पोलाद बनायचं. इंग्रज ज्याला वुट्झ म्हणत ते हेच. कानडी-तेलुगूतल्या 'उक्कु'वरून तो शब्द आला असं मानतात. आपल्या जुन्या मराठीत पोलादाला 'तिखं' म्हणत. 'पोलाद' हा शब्द फारसीतून आलेला, आणि मालही त्याच वाटेने उलटा इराणला जायचा.

१८२० च्या सुमारास हेन्री व्हॉयसी तिथे पोचला. हा लॅम्बटनच्या मोजणी पथकातला डॉक्टर आणि भूगर्भतज्ज्ञ. (लॅम्बटन म्हणजे ज्याची कबर आपल्या हिंगणघाटला आहे तोच.) व्हॉयसी १८२४ मध्ये वारला, आणि त्याचं कोनसमुद्रमवरचं टिपण १८३२ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. गावात त्याला इस्फहानचा एक इराणी व्यापारी भेटला, तो पोलाद खरेदीसाठी मुक्काम ठोकून होता. दोन वेगवेगळ्या गावांचं लोखंड, मिरतपल्लीचं तीन भाग आणि कोंडापूरचं दोन भाग, असं मिसळून मुशीत भरत. सोबत 'कांच' टाकत, म्हणजे आधीच्या घाण्यातून निघालेली काचेसारखी मळी. मग मूस बंद करून २४ तास भट्टी.

वाचणाऱ्याचं लक्ष बहुधा दोन लोखंडांच्या मिश्रणाकडे जातं. माझं त्या काचेकडे गेलं. शुद्ध पोलाद करायचं आणि त्यात आपल्या हाताने काच टाकायची? त्याचं कारण कळायला थोडं मागे जावं लागतं.

त्या काळच्या साध्या भट्टीत लोखंड वितळतच नसे. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात, कोळशाची छोटी भट्टी तिथवर पोचत नाही. खनिजातला ऑक्सिजन निघून जायचा आणि खाली लोखंडाचा स्पंजासारखा गोळा उरायचा. त्याच्या भोकाभोकांत वितळलेली मळी भरलेली. लोहार तो गोळा गरम असतानाच घणाने ठोकून मळी पिळून काढायचा, ओला कपडा पिळावा तशी. पण पिळून कितीही काढा, थोडी आत राहायचीच आणि ठोकताना तिचे लांब धागे व्हायचे. दिल्लीचा लोहस्तंभ असाच ठोकून-जोडून केलेला आहे, आणि त्याच्या पोटात आजही ती मळी आहे. न गंजणारा स्तंभ म्हणून आपण त्याचं कौतुक करतो ते रास्तच आहे, पण स्वच्छ लोखंड म्हणाल तर तो नाही.

मळी खऱ्या अर्थाने वेगळी करायची तर लोखंड पातळ व्हायला हवं. पातळ झालं की मळी हलकी म्हणून वर तरंगते. मुशीत कार्बन मिळाला, दीड टक्क्याच्या आसपास लोखंडात मुरला, की शंभरेक अंश कमी तापमानाला ते पातळ होतं. म्हैसूर-सेलमकडे कार्बनसाठी मुशीत तरवडाच्या वाळक्या काड्या टाकायचे आणि वरून रुईची पानं झाकायचे. तरवड आणि रुई, दोन्ही आपल्या माळरानावर मुबलक! कोनसमुद्रमच्या मुशी मातीत भाताचा कोंडा भरपूर मळून केलेल्या असत. आणि ती 'कांच'? ती वितळून रसावर साय धरायची. खालून तरंगत आलेला मळाचा कण त्या सायीला लागला की तिच्यात विरघळून जाणार, पुन्हा खाली उतरणार नाही. शिवाय वरच्या हवेपासून झाकणही झालं. मळीनेच मळ काढायचा.

इथे एक सांगून टाकतो. 'आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' छापाचे फॉरवर्ड मलाही येतात. कोनसमुद्रमच्या लोकांना ऑक्सिजन ठाऊक नव्हता, ॲल्युमिना ठाऊक नव्हता. कुठली माती, कुठलं लोखंड, किती वेळ आणि किती सावकाश निववायचं, हे मात्र त्यांना हाताला ठाऊक होतं. मला त्याचंच जास्त आश्चर्य वाटतं.

विलायतेतही हाच प्रश्न एका घड्याळजीला पडला होता. बेंजामिन हंट्समनला घड्याळाच्या स्प्रिंगा नीट मिळत नव्हत्या. तिथलं पोलाद लोखंडाच्या पट्ट्या कोळशात आठवडाभर भाजून करत, म्हणजे वितळवतच नसत. त्यामुळे मूळ लोखंडातले मळाचे धागे तसेच राहत, आणि स्प्रिंग नेमकी तिथे तुटे. १७४० च्या दशकात शेफील्डजवळ त्याने ते पोलाद मुशीत वितळवलं. इलाज तोच, फक्त आपल्याकडे तो त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून चालू होता.

१७९४ मध्ये मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉटने वुट्झचे नमुने लंडनला जोसेफ बँक्सकडे धाडले. तिथे मोठमोठे लोक त्याच्या मागे लागले, त्यात तरुण मायकेल फॅरडेही होता. हा लोहाराचा मुलगा. १८१९ मध्ये त्याने वुट्झचं पृथक्करण केलं, त्याला त्यात ॲल्युमिनियमचा अंश सापडला, आणि तेच या पोलादाचं रहस्य असा निष्कर्ष त्याने काढला. तो चुकीचा होता. बहुधा त्याला मुशीच्या मातीचा किंवा अडकलेल्या मळीचा अंश मिळाला असावा. पण त्या समजुतीपायी त्याने आणि स्टोडार्टने पोलादात निकेल, चांदी, प्लॅटिनम, काय काय मिसळून पाहिलं, आणि मिश्र पोलादाचा शास्त्रीय अभ्यास तिथून सुरू झाला. चिमूटभर मळाने फॅरडेला चकवलं आणि त्यातून एक अख्खी विद्या निघाली.

आता ज्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं तो माणूस. जोसाया मार्शल हीथ, मद्रासकडचा कंपनी सरकारचा नोकर. नोकरी सोडून त्याने पोर्टो नोव्होला लोखंडाचा कारखाना काढला. देशी मूसपोलाद त्याने जवळून पाहिलं, त्यावर लिहिलंही. नंतर विलायतेत जाऊन १८३९ मध्ये त्याने पेटंट घेतलं: मुशीत थोडं मँगनीजचं कार्बुरेट टाका, साध्या इंग्लिश लोखंडाचंही चांगलं पोलाद होईल.

आणि खरंच झालं. का झालं, ते आज कोणीही धातुशास्त्राचा विद्यार्थी सांगेल. लोखंडातलं गंधक लोखंडाशीच जुळलं तर त्यांचं मिश्रण हजार अंशांच्या आतच वितळतं. मग लाल तापलेलं पोलाद ठोकायला घेतलं की रव्यारव्यांच्या सांध्यात हा पातळ थर, आणि पोलाद ऐरणीवर बिस्किटासारखं तुटतं. मँगनीज घातलं की गंधक त्याच्याकडे जातं. मँगनीज सल्फाइडचे घट्ट, वेगळे कण होतात आणि सांधे शाबूत राहतात. गंधक गेलं कुठेच नाही. जितकं होतं तितकंच आहे. फक्त ते कुठल्या रूपात बसायचं, हे बदललं.

शेफील्डच्या कारखानदारांनी मग मँगनीजचा स्वस्त काळा ऑक्साइड आणि डांबर थेट मुशीत टाकायला सुरुवात केली. कार्बुरेट मुशीतच तयार होणार, हीथकडून विकत कशाला घ्या? ही युक्तीही हीथनेच आपल्या एजंटला सांगितली होती आणि त्याच एजंटने स्वतःचा धंदा उघडला. खटला वर्षानुवर्षं चालला. पेटंटात 'तयार कार्बुरेट' लिहिलंय, मुशीत होणाऱ्याचं काय, यावर न्यायाधीशांची मतं पडत राहिली. हीथ १८५१ मध्ये कफल्लक होऊन गेला. १८५५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, तोही त्याच्या विरुद्ध. तोवर सगळं शेफील्ड त्याच्या मँगनीजवर श्रीमंत झालं होतं.

१८५६ मध्ये बेसेमरने वितळलेल्या बिडातून हवा फुंकून पोलाद केलं, मिनिटांत, टनांनी. पण हवेबरोबर ऑक्सिजनही रसात मुरला आणि सुरुवातीचं बेसेमर पोलाद ठोकताना फुटायला लागलं. रॉबर्ट मशेटने मँगनीजवालं बीड शेवटी टाकून ते सुधारलं. फी वेळेवर न भरल्याने त्याचं पेटंट रद्द झालं. मँगनीजच्या राशीतच काही दोष असावा!

असो. इथून पुढे प्रश्न बदलला. आधीचा मळ खनिजातून आलेला होता. आता जो मळ दिसायला लागला तो औषधातून आलेला होता.

हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोम इथे आहे. १६०० अंशांचा पोलादाचा रस ऑक्सिजन पोटात घेतो, घट्ट पोलाद जवळजवळ घेत नाही. रस गोठताना तो ऑक्सिजन बाहेर पडतो, कार्बनशी जुळून वायूचे बुडबुडे होतात, आणि ओतकामात भोकं राहतात. आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या मंडळींना 'ब्लो होल' हा शब्द समजावून सांगायला नको. म्हणून गोठण्याआधी ऑक्सिजन बांधून टाकायचा. त्यासाठी मँगनीज, सिलिकॉन आणि सगळ्यात जालीम म्हणजे ॲल्युमिनियम. कामगार त्याला पोलाद 'मारणं' म्हणतात, कारण उकळणारा रस एकदम गप्प होतो. पण बांधलेला ऑक्सिजन जाईल कुठे? त्याचा ॲल्युमिना होतो, म्हणजे कुरुंदाच्या दगडाचीच जात. हिशेब सोपा आहे. एक टन रसात दशलक्षात २०० भाग ऑक्सिजन असेल तर तो सगळा बांधल्यावर साधारण ४२५ ग्रॅम ॲल्युमिना तयार होतो. तोही एकगठ्ठा नाही. दोन दोन मायक्रॉनचे कण धरले (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर त्या एका टनात सुमारे २५ लाख कोटी कण!

हे कण जन्मतात कसे? घरचं तूप आठवा. लोणी कढवून गाळलं की तूप पातळ, पारदर्शक. सावकाश निवलं तर मोजकेच रवे धरतात आणि तेच मोठे होतात, छान रवाळ तूप होतं. तेच फ्रिजमध्ये ठेवून झटकन गार केलं तर असंख्य बारीक रवे एकदम पडतात आणि तूप मेणासारखं गुळगुळीत होतं. बी धरण्याची ओढ जितकी जोरदार, तितक्या बिया जास्त आणि बारीक. एखादी बी फारच लहान असेल तर तिच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग फार मोठा पडतो, तो टिकवायचा खर्च तिला परवडत नाही आणि ती परत विरघळते. ठराविक आकार ओलांडला की मग ती वाढतच जाते. रसात ॲल्युमिनियम पडतं त्या जागी ही ओढ प्रचंड असते, म्हणून डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच अगणित बिया. पुढच्या काही सेकंदांत त्या आजूबाजूचा ऑक्सिजन खाऊन मायक्रॉनभर होतात, आणि खाणं संपतं.

यानंतर त्या मोठ्या कशा होतात, यावर विसाव्या शतकात भरपूर डोकं चाललं. एक वाट मात्स्यन्यायाची: लहान कण विरघळतात आणि त्यांचा माल मोठ्यावर जाऊन बसतो. ओस्टवाल्डच्या नावाने ही वाट ओळखली जाते. पण ॲल्युमिनाच्या बाबतीत रसात विरघळलेला ऑक्सिजन उरतोच इतका थोडा, की ही वाट फार सावकाश चालते. खरी वाढ होते ती टकरींतून. अळूच्या पानावर पाणी ठरत नाही ना, तसं पोलादाचा रस ॲल्युमिनाला भिजवत नाही. दोन कण जवळ आले की मधला रस आपण होऊन मागे सरतो, कण चिकटतात आणि पुन्हा सुटत नाहीत. असे चिकटत चिकटत पोवळ्यासारखे फांद्याफांद्यांचे झुबके होतात. मी पहिल्यांदा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो झुबका पाहिला तेव्हा खरोखर वाटलं, कोणीतरी फ्लॉवरचा गड्डा ठेवलाय.

आणि मोठं होणं इथे चांगलं आहे, कारण मोठा कण तरंगून वर जातो. हा नियम स्टोक्सचा, त्याच १८५१ सालचा. कण दुप्पट मोठा तर वर चढायचा वेग चौपट. दोन मायक्रॉनच्या कणाला एक मीटर चढायला दहा दिवसांच्या वर लागतील, दहा मायक्रॉनच्या कणाला दहा तास आणि शंभर मायक्रॉनच्या कणाला जेमतेम सहा मिनिटं. लॅडलमध्ये रस तासभर फार तर थांबतो. म्हणून रसात तळातून आर्गॉन वायू सोडतात. बुडबुड्यांनी कण एकमेकांवर आपटतात, झुबके होतात, काही बुडबुड्यांनाच चिकटून वर जातात, आणि वर चुनखडीच्या मळीचा थर त्यांना पोटात घ्यायला तयार असतो. कोनसमुद्रमची काच आठवली ना? पण आर्गॉन बेताने सोडायचा. अति खळबळ केली तर वरचा थर फाटतो, हवा आत शिरते आणि नवे कण जन्मतात. किती बुडबुडा हवा, हे आमच्याकडचे जुने मेल्टर रसाच्या पृष्ठभागाकडे नुसतं बघून सांगत. सगळे तेलुगू आणि दखनी बोलणारे, एकही इंग्रजी शब्द न येणारे. त्यांचा अंदाज आणि माझी कणांची मोजदाद बहुतेक वेळा जुळायची.

जे झुबके वर जात नाहीत ते पोलादात गोठून बसतात. १८६३-६४ मध्ये शेफील्डच्या हेन्री सॉर्बीने पोलाद घासून चकचकीत करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, तेव्हापासून माणसाला ते दिसायला लागले. बसले तर बिघडलं काय, असं वाटेल. फिरणाऱ्या शाफ्टवर लाखो, कोट्यवधी वेळा उलटसुलट ताण येतो. कणाच्या कोपऱ्याशी तो ताण गोळा होतो आणि तिथून केसाएवढी चीर निघते. एकदा साखर कारखान्याच्या गिअरचा तुटलेला शाफ्ट आमच्याकडे तपासणीला आला होता. घेणारा म्हणे माल खराब, देणारा म्हणे यंत्रावर जास्त भार टाकला. तुटलेल्या तोंडावर माशाच्या डोळ्यासारखं गोल वर्तुळ होतं, आणि बरोबर बाहुलीच्या जागी ॲल्युमिनाचा झुबका, मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा. ऐन गळिताच्या हंगामात त्या कारखान्याची एक लाइन बंद पडली होती आणि बाहेर उसाच्या गाड्या तुंबल्या होत्या. बेअरिंगच्या पोलादात तर याचा हिशेब अगदी सरळ दिसतो. १९६० च्या दशकात त्यात दशलक्षात ३० च्या आसपास भाग ऑक्सिजन असे, आज चांगल्या मालात दहाच्या खाली असतो. बेअरिंगचं आयुष्य वाढलं त्यात याचा मोठा वाटा आहे.

मिश्र पोलादात गुंता आणखी वाढतो, कारण तिथे कण फक्त ऑक्सिजनचे नसतात. मॅरेजिंग पोलाद घ्या. साधारण १८ टक्के निकेल, ८ टक्के कोबाल्ट, ५ टक्के मॉलिब्डेनम आणि अर्धा टक्क्याच्या आत टायटॅनियम. कार्बन जवळजवळ नाही. हे टायटॅनियम पोलादाला ताकद देतं, पण ते नायट्रोजनवर टपून बसलेलं असतं. दोघं जुळले की टायटॅनियम नायट्राइडचे सोनेरी चौकोनी स्फटिक होतात, कडा अशा धारदार की सुरीने कापलेत. दिसायला इतके सुंदर की नवीन आलेली पोरं हरखून जायची. मी म्हणायचो, नक्को रे बाबा, हे सोनं नक्को.

हे नायट्राइड बहुतेक गोठताना जन्मतात. मटक्यातली कुल्फी गोठताना कशी कडेने बर्फ धरतो आणि गोडवा मधल्या पातळ भागात ढकलला जातो, तसं गोठणारं पोलाद टायटॅनियम आणि नायट्रोजन पुढच्या उरलेल्या रसात ढकलत जातं. शेवटच्या थेंबात दोघांची दाटी होते आणि स्फटिक पडतो. बऱ्याचदा आधीच तरंगत असलेल्या एखाद्या बारीक ऑक्साइडच्या कणावर तो बसतो, मोत्याच्या पोटात एखादा परका कण असतो तसा. लगड जितकी मोठी आणि निवणं जितकं सावकाश, तितका स्फटिक मोठा. म्हणजे इथे कण मोठा होऊन तरंगून जाईल ही आशा नाही. तो जन्मतो तेव्हा वर जायची वाटच बंद झालेली असते. नायट्रोजन आधीच काढून टाका आणि झटकन गोठवा, एवढाच इलाज.

यासाठी निर्वात भट्टी लागते, आणि म्हणून गोष्ट पुन्हा आपल्या गावात येते. मिश्र धातू निगम, आपली मिधानी, १९७३ मध्ये कंचनबागला स्थापन झाली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्पादन सुरू झालं. शेजारीच संरक्षण खात्याची धातुसंशोधन प्रयोगशाळा. निर्वातात दोन गोष्टी होतात. रसातला नायट्रोजन, हायड्रोजन ओढून घेतला जातो. आणि दुसरी गोष्ट मला फार आवडते: निर्वातात कार्बनच ऑक्सिजनला बांधतो, आणि त्यातून होणारा वायू निघून जातो. हे एकच औषध असं, की त्याचा कण मागे राहत नाही. मात्र निर्वातात भट्टीचं अस्तर, म्हणजे मूसच, आपला ऑक्सिजन रसाला द्यायला लागते. मुशीची माती कुठली, हा कोनसमुद्रमचा प्रश्न इथेही सुटलेला नाही.

मग ती लगड पुन्हा निर्वातात, विजेच्या ठिणगीने थेंबथेंब वितळवून, पाण्याने गार ठेवलेल्या तांब्याच्या साच्यात गोठवतात. एका वेळी थोडाच रस पातळ असतो, म्हणून तो लवकर गोठतो आणि स्फटिकांना वाढायला सवड मिळत नाही. दुसऱ्या एका पद्धतीत थेंब वितळलेल्या मळीच्या डोहातून खाली पाडतात, मळी त्यांना धुऊन काढते. ही पद्धत १९५० च्या दशकात युक्रेनमध्ये कीवच्या पाटन संस्थेने कारखान्यात आणली. दोन्ही प्रकारच्या भट्ट्या मिधानीत आहेत.

या मॅरेजिंग पोलादाचं एक मोठं गिऱ्हाईक म्हणजे पीएसएलव्ही. त्याच्या पहिल्या टप्प्याचं २.८ मीटर व्यासाचं नळकांडं याच पोलादाचं, आणि त्यात १३८-१३९ टन घन इंधन भरलेलं. पहिलं उड्डाण २० सप्टेंबर १९९३ ला झालं, ते फसलं, पण या नळकांड्यामुळे नाही. १५ ऑक्टोबर १९९४ चं यशस्वी झालं. पुढे २००८ चं चांद्रयान आणि २०१३ चं मंगळयान याच यानावरून गेलं. टीव्हीवर आपण ज्वाळा बघतो. मी त्या पातळ भिंतीकडे बघतो आणि मनात म्हणतो, आत सोनेरी चौकोन किती असतील.

वुट्झच्या तलवारीवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसायची, दखनीत तिला जौहर म्हणत. ती कशाने येते यावर दोनशे वर्षं वाद झाला. अमेरिकेतले वेऱ्होवन आणि पेंड्रे यांनी १९९० च्या दशकात तशी पाती पुन्हा घडवून दाखवली. नक्षी म्हणजे कार्बाइडच्या कणांच्या रांगा. त्या रांगा लागतात व्हॅनेडियमसारख्या धातूच्या अंशाने, तोही दहा हजारात एका भागाहून कमी असला तरी चालतो. तो खनिजातून आपोआप येणारा, कोणी न टाकलेला. पुन्हा तो गोठताना रवळींच्या मध्ये ढकललेला, आणि मग लोहाराने तापवून-ठोकून, तापवून-ठोकून वाढवलेल्या कणांतून उमटलेला. जिथे तो अंश नाही तिथल्या लोखंडातून कितीही कसबी लोहाराला जौहर मिळाला नसता. कारागीर तेच, गाव तेच आणि एक दिवस नक्षी येईनाशी झाली असं का झालं असेल, याचं हे एक पटणारं उत्तर आहे. बाकी धंदा बसला तो स्वस्त विलायती पोलादाने.

२०१० मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेच्या आणि इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठाच्या लोकांनी तेलंगणाच्या या भागात गावोगाव फिरून जुन्या भट्ट्यांच्या जागा नोंदवल्या. कोनसमुद्रमला फुटक्या मुशींचे तुकडे मिळतात. मूस फोडल्याशिवाय लगड निघत नसे, म्हणून प्रत्येक घाण्याची एक फुटकी मूस मागे राहायची. तुकडा हातात घेऊन आतली बाजू बघितली तर एका उंचीवर काचेची पातळ कड चिकटलेली दिसते. रस तिथवर होता आणि तरंगून आलेली मळी त्याच्यावर, त्या रेघेवर, साय धरून गोठली. तिच्या खालचं पोलाद इस्फहानचा व्यापारी घेऊन गेला.